उंदीर मेला कशाने?

प्रयोगशाळेतल्या धडधाकट उंदराच्या मेंदूत एलसीएम नावाच्या विषाणूचा अगदी थोडा डोस टोचला, तर पहिले पाच दिवस वरून काहीच कळत नाही. उंदीर खातो, पितो, पिंजऱ्यातला भुसा उकरत फिरतो. विषाणू मात्र आत भराभर वाढत असतो. सहाव्या दिवशी उंदराच्या अंगावरचे केस पिंजारतात, पाठीला पोक येतं, डोळे किलकिले होतात. शेपटीला धरून उचललं आणि हलकेच गरकन फिरवलं, की झटका येतो. सातव्या-आठव्या दिवशी उंदीर मेलेला असतो.

कशाने मेला? विषाणूने, असं कोणीही म्हणेल. या साध्या उत्तरात खोट आहे, हे सिद्ध व्हायला जवळजवळ चार दशकं लागली. आणि ते सिद्ध करता करता ऑस्ट्रेलियातल्या दोन तरुणांच्या हाती एका भलत्याच प्रश्नाचं उत्तर लागलं. तो प्रश्न विषाणूंचा नव्हताच. तो त्वचारोपण करणाऱ्या सर्जनांचा होता.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. १९३३ च्या उन्हाळ्यात सेंट लुइस शहरात मेंदूज्वराची मोठी साथ आली. हजाराहून अधिक माणसं आजारी पडली. सरकारी आरोग्यसेवेतले चार्ल्स आर्मस्ट्राँग या साथीचा विषाणू शोधत होते. रुग्णाच्या मेंदूतला अंश माकडांना टोचायचा, त्या माकडापासून पुढच्या माकडाला, असं चाललं असताना त्यांना एक वेगळाच विषाणू सापडला. साथीशी त्याचा संबंध नव्हता. त्याने आजारी पडलेल्या जनावरांच्या मेंदूच्या आवरणांत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची नुसती दाटी झालेली दिसे. आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सहकारी लिली यांनी १९३४ मध्ये त्याचं लांबलचक बारसं केलं, ‘लिम्फोसाइटिक कोरिओमेनिंजायटिस’. त्याचंच पुढे एलसीएम झालं. लवकरच कळलं, की हा घरातल्या साध्या उंदरांचा जुना सोबती आहे आणि क्वचित माणसालाही त्रास देतो. माणसाच्या आजारांच्या यादीत त्याला फार वरचं स्थान कधीच नव्हतं. देवी, पोलिओ, इन्फ्लुएंझा यांच्यापुढे हा अगदीच किरकोळ. पण शास्त्रज्ञांना काही शिकवण्याच्या बाबतीत त्याने भल्याभल्यांना मागे टाकलं.

पहिला चकवा दिसला प्रिन्स्टनमध्ये. रॉकफेलर संस्थेच्या तिथल्या प्रयोगशाळेत एरिक ट्राउब नावाचे जर्मन पशुवैद्यक काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की आपण प्रयोगासाठी पाळलेल्या उंदरांतच हा विषाणू आधीपासून ठाण मांडून बसलाय. (हेच ट्राउब पुढे जर्मनीला परतले, युद्धकाळात रीम्स बेटावरच्या विषाणू प्रयोगशाळेत होते आणि युद्धानंतर अमेरिकेने त्यांना पुन्हा आपल्याकडे नेलं. त्यांच्यावर वेगळा लेख होईल, आणि तो फारसा सुखद नसेल.) ट्राउब यांनी त्या उंदरांकडे काही वर्षं चिकाटीने पाहिलं. आईच्या पोटातच ज्यांना लागण झाली, ती पिल्लं सुखरूप वाढत. त्यांच्या रक्तात आयुष्यभर विषाणू खच्चून भरलेला असे आणि तरी ती आजारी दिसत नसत. तोच विषाणू मोठ्या, निरोगी उंदराच्या मेंदूत गेला, की आठवड्यात खेळ खलास.

आता यात गोम आहे. विषाणू जर स्वतःच मारेकरी असेल, तर ज्या पिल्लाच्या अंगोपांगी तो भिनलाय ते आधी मरायला हवं. मेलबर्नच्या फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी हे नेमकं हेरलं. १९४९ मध्ये त्यांनी फ्रँक फेनर यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकात ट्राउबच्या उंदरांचा आधार घेऊन एक कल्पना मांडली. शरीर जन्माच्या आगेमागे आपलं काय आणि परकं काय हे ठरवतं आणि त्या वेळी जे अंगात असेल त्याला आपलं मानतं, अशी ती कल्पना होती. पीटर मेडावार आणि सहकाऱ्यांनी पुढे त्वचेचे तुकडे लावून ती प्रयोगात खरी करून दाखवली. १९६० मध्ये बर्नेट आणि मेडावार या दोघांना नोबेल मिळालं. ट्राउबच्या उंदरांनी मात्र पुढे बर्नेटना थोडं तोंडघशी पाडलं. हे उंदीर विषाणूला अगदी शंभर टक्के आपलं मानत नव्हते. त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं बनत होती आणि ती विषाणूला चिकटून मूत्रपिंडात साचत होती, हे मायकेल ओल्डस्टोन यांच्यासारख्यांनी साठच्या दशकात दाखवलं. पण मूळ कल्पनेचा रोख बरोबर होता.

विषाणू स्वतः मारेकरी नाही, याचा दुसरा पुरावा अधिक थेट होता. पन्नासच्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वॉलेस रो यांनी उंदरांवर आधी क्ष-किरण सोडले आणि मग एलसीएम टोचला. क्ष-किरणांनी लिम्फोसाइट मरतात, म्हणजे शरीराची रोगाशी लढायची ताकदच खच्ची होते. एरवी असा उंदीर कुठल्याही जंतुसंसर्गाने आधी मरावा. हे उंदीर जगले! पुढे जन्मतःच थायमस ग्रंथी काढून टाकलेले उंदीरही असेच वाचले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या मंडळींनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उलटा डाव टाकला. औषधाने प्रतिकार दडपलेल्या, विषाणू अंगात घेऊन मजेत जगणाऱ्या उंदरांना त्यांनी एलसीएमशी लढलेल्या उंदरांच्या प्लीहेतल्या पेशी टोचल्या. बाहेरून आलेल्या या मदतीने उंदीर बरे झाले नाहीत, मेंदूच्या आजाराने मेले.

तेव्हा मारेकरी सापडला होता. हा विषाणू ज्या पेशीत राहतो तिला सहसा धक्का लावत नाही. उंदीर मरतो तो स्वतःच्याच बचाव दलाच्या हातून, थायमसमध्ये तयार झालेल्या टी पेशींच्या हातून. राहिलं होतं ते एवढंच, की या पेशी मारतात कशा आणि कोणाला मारायचं हे त्यांना कळतं कसं.

१९७० च्या सुमाराला या प्रश्नावर काम करायला कॅनबेरा ही जागा विचित्र वाटेल. ऑस्ट्रेलियाची राजधानी असली तरी ती तेव्हा मेंढ्यांच्या कुरणांत आखून वसवलेलं लहानसं सरकारी गाव होती. पण तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठात जॉन कर्टिन वैद्यक संशोधन संस्था होती आणि तिच्या उभारणीमागे पेनिसिलिनवाले हॉवर्ड फ्लोरी होते. सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आधी फेनर यांनी घडवला, नंतर तो गॉर्डन अडा यांच्या हाती आला. (हे फेनर म्हणजे तेच, ज्यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९७९ मध्ये जगातून देवीचा रोग गेल्याचं प्रमाणित केलं.) फेनर यांचा हातखंडा विषय होता उंदरांचा देवीसारखा रोग, एक्ट्रोमेलिया. त्याच विषाणूवर काम करून रॉबर्ट ब्लँडन यांनी दाखवलं होतं, की विषाणूने ग्रासलेल्या यकृतातून उंदराला सोडवतात त्या टी पेशी, प्रतिपिंडं नव्हेत. म्हणजे या गावात विषाणूवाले आणि टी पेशीवाले एकाच छपराखाली होते. त्या काळात हे फार ठिकाणी नव्हतं.

पीटर डोहर्टी तिथे आले ते मेंढ्यांच्या मार्गाने. जन्म १९४० चा, ब्रिस्बेनचा. शिक्षण पशुवैद्यकाचं. एडिनबराला त्यांनी मेंढ्यांना होणाऱ्या, गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूज्वरावर पीएचडी केली होती. मेंदूच्या आवरणांत ज्या पेशी गर्दी करतात त्या नेमक्या करतात काय, हे त्यांच्या डोक्यात होतं. उंदराच्या कवटीच्या बुडाशी बारीक काचेची नळी खुपसून मेंदूभोवतीच्या पाण्याचा इवलासा थेंब बाहेर काढण्याचं कसब त्यांनी कमावलं होतं. उंदीर केवढा, त्याची मान केवढी, आणि पाण्यात रक्ताचा अंश उतरला तर सगळंच फुकट, हे डोळ्यांपुढे आणलं तर ते हाताचं काम किती नाजूक असेल याची कल्पना येते.

रोल्फ झिंकरनागेल १९७३ च्या सुरुवातीला स्वित्झर्लंडहून आले. हे डॉक्टर, बाझेलचे, वय एकोणतीस. काही काळ सर्जरी करून पाहिली होती, ती जमली नाही म्हणा किंवा रुचली नाही म्हणा. लोझानमध्ये ते प्रतिकारशास्त्र शिकले आणि तिथून एक तंत्र बरोबर घेऊन आले. यायचं होतं ब्लँडन यांच्याकडे, जिवाणूंवर काम करायला. पण तिथे जागेची चणचण होती, म्हणून त्यांचं टेबल पडलं डोहर्टींच्या खोलीत. झिंकरनागेल काम करताना खड्या आवाजात ऑपेरा गात आणि शेजाऱ्यांना ते सोसवत नसे, डोहर्टींना मात्र ऑपेरा आवडायचा, असाही एक किस्सा या खोलीवाटपाबद्दल सांगतात. विज्ञानाच्या इतिहासात अशा गोष्टींना जरा जास्तच रंग चढतो, तरी एक पशुवैद्यक आणि एक डॉक्टर एका खोलीत कोंबले गेले एवढं खरं.

झिंकरनागेल यांनी आणलेलं तंत्र समजून घ्यायला हवं, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. काचेत वाढवलेल्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियम-५१ पाजायचं. ते पेशीच्या आत जाऊन तिथल्या प्रथिनांना धरून बसतं. वर राहिलेलं क्रोमियम धुऊन टाकायचं. आता या पेशींवर उंदराच्या टी पेशी सोडायच्या आणि उबदार कपाटात रात्रभर ठेवायचं. टी पेशींनी कोणा पेशीला भोसकलं, तर तिच्यातलं क्रोमियम बाहेरच्या पाण्यात सांडतं. सकाळी वरचं पाणी पिपेटने उचलायचं आणि यंत्रात त्याचा किरणोत्सार मोजायचा. जितका आकडा मोठा तितके खून जास्त. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून मेलेल्या पेशी मोजत बसायला नको.

लक्ष्य म्हणून त्यांनी एल-९२९ पेशी घेतल्या. अमेरिकेत चाळीसच्या दशकात एका उंदरापासून काढलेला हा पेशींचा वाण जगभरच्या प्रयोगशाळांत होता, कॅनबेरातही होता. त्या पेशींना एलसीएमची लागण केली, वर आजारी उंदराच्या मेंदूतल्या पाण्यातल्या टी पेशी सोडल्या. लागण झालेल्या पेशी फुटल्या, निरोगी शाबूत राहिल्या. मेंदूत जे घडतं ते काचेत दिसलं. इथवरचं काम चांगलं होतं, पण त्यावर कोणी नोबेल दिलं नसतं.

मग त्यांच्या हाती ओल्डस्टोन आणि मॅकडेविट यांचा १९७३ चाच निबंध पडला. एलसीएमने कोणत्या वाणाचे उंदीर लवकर मरतात हे त्यांच्या एच-२ या जनुकांशी जोडलेलं आहे, असं त्यात होतं. कॅनबेराच्या जोडीने विचार केला, की ज्यांच्या टी पेशी जास्त जहाल ते लवकर मरत असतील. मग तपासूया! संस्थेत जेवढ्या वाणांचे उंदीर मिळाले तेवढे गोळा केले, सगळ्यांना विषाणू टोचला, सातव्या दिवशी प्लीहा काढून टी पेशी एल पेशींवर सोडल्या.

अपेक्षा होती चढत्या-उतरत्या आकड्यांची. निघालं काळं-पांढरं. सीबीए वाणाच्या उंदरांच्या पेशींनी सुमारे ६५ टक्के क्रोमियम सांडवलं. बाल्ब-सी आणि सी-५७ ब्लॅक या वाणांच्या पेशींनी जेमतेम १८ ते २३ टक्के. एवढं तर काही न करताही आपोआप गळतं. आणि गंमत म्हणजे हे उंदीर आजारातून सुटलेले नव्हते, तेही मरायलाच टेकलेले होते. अंगात मारेकरी पेशींचा सुळसुळाट, पण त्याच पेशी काचेत, तोच विषाणू समोर असताना, हात बांधून उभ्या. सीबीए आणि सी-५७ ब्लॅक यांच्या संकराची पिल्लं घेतली, तर त्यांच्या पेशींनी मारलं, ५६ टक्क्यांपर्यंत. वंशावळी तपासल्यावर उलगडा झाला. एल पेशी ज्या उंदरापासून आल्या त्याचं एच-२ ‘के’ प्रकारचं. सीबीएचंही ‘के’. संकरित पिल्लांत अर्धं ‘के’. न मारणाऱ्या वाणांचं एच-२ वेगळं, ‘डी’ किंवा ‘बी’. पुढे लक्ष्य म्हणून ‘डी’ प्रकारच्या पेशी ठेवल्या तेव्हा पारडं फिरलं, ‘डी’ उंदरांच्या टी पेशी तुटून पडल्या आणि ‘के’वाल्या गप्प बसल्या.

म्हणजे टी पेशीला नुसता विषाणू दिसून भागत नाही. तो स्वतःच्याच एच-२ ची खूण असलेल्या पेशीत दिसावा लागतो.

हे दोघे नशीबवान होते हे त्यांनीही नाकारलेलं नाही. समजा, कॅनबेरात पहिल्या प्रयोगासाठी ‘के’ऐवजी ‘बी’ प्रकारचे उंदीर हाताशी असते. एल पेशी फुटल्या नसत्या आणि ‘टी पेशी काचेत काम करत नाहीत’ एवढं वहीत लिहून झिंकरनागेल जिवाणूंकडे परतले असते. नशिबाची दुसरी बाजू मात्र अशी, की न फुटलेल्या पेशींचे आकडे बघून बहुतेकांनी ‘प्रयोग फसला’ म्हटलं असतं, आणि या दोघांनी तसं म्हटलं नाही.

एच-२ म्हणजे काय, हे सांगायला चार पावलं मागे जावं लागेल. १९३६ मध्ये लंडनच्या पीटर गोरर यांना उंदरांच्या रक्तपेशींवर एक खूण सापडली. एका उंदराची गाठ दुसऱ्याच्या अंगात रुजेल की नाकारली जाईल, ते या खुणेवर ठरत होतं. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या बार हार्बर गावी जॉर्ज स्नेल यांनी पिढ्यान्‌पिढ्या उंदरांचे संकर करत ती जनुकं वेगळी काढली. माणसातली तीच जनुकं पॅरिसच्या झाँ दोसे यांनी शोधली. आपल्याकडे मूत्रपिंडाच्या रोपणाआधी भाऊ-बहिणींची रक्तं जुळतात का ते बघतात, ते एचएलए मॅचिंग म्हणजे हेच. युद्धात भाजलेल्यांना दुसऱ्याची कातडी लावली तर ती काही दिवसांत गळून पडते, हा मेडावार यांनी अभ्यासलेला प्रकारही याच जनुकांचा.

पण निसर्गात कोण कोणाला कातडी लावतं? मूत्रपिंड कोण देतं? सर्जनचं काम बिघडवण्यासाठी म्हणून कोट्यवधी वर्षं मासे, पक्षी, उंदीर, माणसं या सगळ्यांनी एवढी जनुकं जपून ठेवावीत, तीही प्रत्येकाची वेगळी, हे कोणालाच पटत नव्हतं. शरीराचं एवढं मोठं खातं आणि त्याचं काम काय ते ठाऊक नाही, अशी अवस्था होती.

डोहर्टी आणि झिंकरनागेल यांच्या आकड्यांनी ते काम दाखवून दिलं. एप्रिल १९७४ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा निबंध आला, अवघ्या दोन पानांचा. त्याच वर्षी दुसरा आला. १९७५ च्या जूनमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी सरळ मुद्दा मांडला. रोपण नाकारण्यासाठी ही जनुकं नाहीतच, विषाणूने बिघडवलेली आपली पेशी टी पेशींना दाखवण्यासाठी ती आहेत. परकी कातडी गळून पडते, तो या व्यवस्थेचा आडफाटा. ते एकटेच त्या दिशेने निघाले होते असंही नाही. अमेरिकेत जीन शिअरर यांना रसायन चिकटवलेल्या पेशींबाबत जवळपास त्याच सुमाराला असंच दिसलं होतं आणि ब्लँडन यांनी आपल्या एक्ट्रोमेलियावर तोच नियम पडताळून पाहिला. पण खऱ्याखुऱ्या रोगावर, इतक्या स्वच्छ आकड्यांत, अर्थासकट हे सांगितलं ते या दोघांनी.

पुढची दहा-बारा वर्षं मोठा वाद चालला. टी पेशीला दोन हात आहेत, एक विषाणू धरणारा आणि एक स्वतःची खूण चाचपणारा, की एकच हात दोन्ही मिळून बदललेली आकृती ओळखतो? दोन्हीकडे मातब्बर माणसं होती. सोडवणूक झाली ती अनपेक्षित बाजूने. लंडनच्या मिल हिल संस्थेत ब्रिजिट अ‍ॅस्कोनास यांच्याकडे घडलेले अ‍ॅलन टाउनसेंड यांना दिसलं, की इन्फ्लुएंझाने ग्रासलेल्या पेशीत टी पेशी ज्यावर झडप घालते ते विषाणूच्या पोटातलं एक प्रथिन आहे, पृष्ठभागावर कधी न येणारं. अख्खं प्रथिनही लागत नाही, त्याचा बारीक तुकडा पुरतो. १९८७ मध्ये हार्वर्डला पामेला ब्योर्कमन, डॉन वायली आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांनी माणसाच्या एचएलए प्रथिनाची क्ष-किरणांनी काढलेली आकृती छापली. तिच्या माथ्यावर एक खोबण होती आणि त्या खोबणीत काहीतरी अडकलेलं होतं. प्रथिनाचे तुकडे!

मग सगळं जुळलं. प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे सतत या खोबणीत घालून बाहेर मांडत असते. घराच्या मागच्या दारी पडलेली सालं-देठं बघून आत काय शिजतंय ते शेजारणीला कळावं, तसं टी पेशीला बाहेरूनच कळतं. नेहमीचेच तुकडे असले तर ती पुढे सरकते, विषाणूचा असला तर ती पेशी संपवते. प्रतिपिंडं मोकळ्या हिंडणाऱ्या विषाणूला धरतात, पण विषाणू एकदा पेशीत शिरला की ती हतबल होतात. टी पेशीने मोकळ्या विषाणूच्या मागे धावणं निरर्थक आहे, म्हणून तिला तो दिसतच नाही. तिचं काम कारखाना बंद पाडायचं. हात एकच निघाला आणि तो तुकडा आणि खोबण दोन्ही मिळून ओळखतो. प्रत्येकाच्या खोबणीचा आकार वेगळा, म्हणून एखादा विषाणू तुमच्या खोबणीत बसणारे तुकडे बदलून निसटेल, पण सगळ्या गावाच्या खोबणींतून निसटणं त्याला अवघड जाईल. एचएलएचे एवढे प्रकार का, याचं कारणही त्यातच दिसतं.

कोविडच्या काळात हे सगळं आपल्या दारात आलं. ओमिक्रॉनने प्रतिपिंडांना बऱ्यापैकी चकवलं, पण आधीच्या लसीने किंवा संसर्गाने तयार झालेल्या टी पेशींनी त्याला बऱ्याच अंशी ओळखलं, कारण त्यांचे तुकडे प्रथिनाच्या अनेक भागांतले होते. पुण्यात सीरममध्ये बनलेली कोविशील्ड लस विषाणूचं काटेरी प्रथिन आपल्याच पेशीत तयार करवते, त्यामुळे त्याचे तुकडे खोबणीत जातात आणि टी पेशीही तयार होतात.

उंदराच्या मृत्यूचा धडा माणसालाही लागू पडतो. हिपॅटायटिस बी चा विषाणू यकृताच्या पेशीत राहतो तेव्हा तिला स्वतः फारसं मारत नाही. कावीळ होते ती बहुतांशी टी पेशींनी लागण झालेल्या यकृतपेशी मारायला सुरुवात केल्यावर. बाळंतपणात आईकडून लागण झालेली बाळं ट्राउबच्या पिल्लांसारखीच बहुधा वरवर ठणठणीत राहतात आणि विषाणू जन्मभर बाळगतात, तर मोठ्या माणसाला लागण झाली की तो पिवळा पडतो आणि बहुतेकदा विषाणूतून सुटतोही. म्हणूनच बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत ती लस द्यायची घाई असते.

१९९६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. डोहर्टी तेव्हा अमेरिकेत मेंफिसला होते, झिंकरनागेल झ्युरिकला. वैद्यकाचं नोबेल मिळवणारे डोहर्टी पहिले पशुवैद्यक. कॅनबेरा दोघांनीही १९७५ मध्येच सोडलं होतं. एका खोलीतली ती जोडी जेमतेम अडीच वर्षं टिकली.

एलसीएम मात्र थांबला नाही. मूळचे हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठात शिकलेले रफी अहमद ओल्डस्टोन यांच्या प्रयोगशाळेत होते. आयुष्यभर विषाणू बाळगणाऱ्या उंदरांच्या प्लीहेतून त्यांनी १९८४ मध्ये या विषाणूचा एक बदललेला अवतार वेगळा केला, ‘क्लोन १३’. धडधाकट मोठ्या उंदराच्या रक्तात हा सोडला, तर उंदीर मरत नाही आणि विषाणूही लवकर हटत नाही. टी पेशी येतात, लढतात आणि मग गळून जातात. १९९३ मध्ये झिंकरनागेल यांच्या गटाने दाखवलं, की फार मोठ्या प्रमाणात विषाणू समोर आला की टी पेशींचं बळ खरोखर संपतं. या गळालेल्या पेशींच्या अंगावर पीडी-१ नावाचं एक प्रथिन दाट उगवलेलं असतं, हे अहमद यांच्या गटाला २००६ मध्ये अ‍ॅटलांटात दिसलं. ते प्रथिन क्योटोच्या तासुकु होंजो यांनी १९९२ मध्येच शोधलेलं होतं. त्याचा मार्ग औषधाने अडवला, की थकलेल्या पेशी पुन्हा कामाला लागल्या.

कर्करोगाची गाठही टी पेशींना असंच थकवते. पीडी-१ अडवणारी कर्करोगाची औषधं केवळ या उंदरांमुळे आली असं म्हटलं तर होंजो आणि इतर कित्येकांवर अन्याय होईल. गाठी पीडी-१ चा फायदा उठवतात हे वेगळ्या वाटेनेही कळलं होतं. पण टी पेशी थकते म्हणजे नक्की काय होतं आणि तिला पुन्हा उठवता येतं का, हे आधी एलसीएममध्येच नीट तपासलं गेलं. २०१८ चं नोबेल होंजो आणि जेम्स अ‍ॅलिसन यांना या प्रकारच्या उपचारासाठी मिळालं.

पीडी-१ अडवणाऱ्या औषधांपैकी निव्होलुमॅब आपल्याकडे पोचलं, पण त्याच्या किमतीने बहुतेकांना ते दुरूनच बघावं लागलं. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी त्याचा बाराव्या हिश्शाएवढा, २० मिलिग्रॅमचा डोस तीन आठवड्यांतून एकदा देऊन पाहिला. तोंडाच्या-घशाच्या कर्करोगाचे, बरे होण्याच्या पलीकडे गेलेले १५१ रुग्ण होते. सगळ्यांना गोळ्यांचा स्वस्त उपचार चालूच होता, निम्म्यांना वर हा छोटा डोस. नुसत्या गोळ्यांवरच्यांपैकी वर्षअखेर १६.३ टक्के जिवंत होते, डोस मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. एवढ्या कमी औषधाने टी पेशींचा लगाम सुटतो का, ही शंका बाहेरच्यांना होती, आणि या आकड्यांनंतर कमी डोसच्या चाचण्या दुसऱ्या कर्करोगांवरही सुरू झाल्या.